निळी पाटी

जपानच्या संसदेत वृद्ध खासदार कुरामोचींनी बाकाची कड सोडली आणि पहिलं पाऊल टाकलं. मुठीत मतपेटीत टाकायची, त्यांच्या नावाची निळी पाटी होती. निळी म्हणजे नकार. त्यांच्या समाजवादी पक्षाने मात्र सकाळीच सगळ्यांना पांढरी, म्हणजे होकाराची, टाकायचा हुकूम दिला होता. सत्तेत वाटा मिळून आठ महिने झाले होते, आणि समाजवाद्यांना जुन्या वैऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची सवय झाली होती.

आजच्या विधेयकाने कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं गेलेल्या खाणमजुरांचे दावे कायमचे बुडणार होते. अशाच एका मजुराची विधवा, हिसानो, वर सज्जात बसली होती. ‘निळीच टाकेन,’ असा शब्द कुरामोचींनी तिला दिला होता.

“बैल सुटला रे!”

“साहेब, चारा आणू का?”

“जित्याची खोड!” हे तर कुरामोचींच्याच पक्षाच्या बाकांवरून आलं.

ऐन उमेदीत विधेयकं अडवायला ते मतपेटीपर्यंतची तीस पावलं चार-चार तास चालत. त्या बैलचालीनेच त्यांचं नाव देशभर झालं. तेव्हा ताटकळून चरफडणारा एक तरुण सदस्य आज अध्यक्षांच्या खुर्चीत होता. करावे तसे भरावे, दुसरं काय!

“दोन मिनिटांत मतदान बंद होईल,” अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले.

कुरामोचींनी दात आवळले. कपाळावर घाम आला. पेटी सहा पावलांवर असताना मतदान बंद झालं आणि सभागृहात हशा पिकला.

बाहेर जिन्यापाशी हिसानो उभी होती.

“निळी टाकली तर पक्ष चिडणार, पांढरी टाकली तर मी. म्हणून रेंगाळलात ना?”

त्यांनी मूठ उघडून पाटी दाखवली.

“मला काय दाखवताय? पेटीत टाकायची होती!”

ते माफीसाठी तिच्यापुढे कमरेत वाकले आणि जिन्याकडे वळले. दोन्ही हातांनी कठडा धरला. एक पाय खाली, मग तिथेच दुसरा. खाली ना वार्ताहर होते, ना अडवायला कुठलं विधेयक. पाचव्या पायरीपर्यंत हिसानो नुसती बघत राहिली.

“अहो, काठी का नाही घेतलीत?” ती ओरडली. राग अजून तसाच होता.

“काठी आत न्यायला अध्यक्षांची परवानगी लागते.”

“मग मागायची!”

“त्याच्याकडे?” कुरामोची म्हणाले, आणि पायाने पुढची पायरी चाचपू लागले.