मास्तरांच्या पेट्यांची झडती

बेचाळीस सालच्या भादव्यात खर्डी स्टेशनापलीकडे कुणीतरी तारायंत्राची तार कापली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर झडत्या सुरू झाल्या. सकुबाई पेद्रू मास्तरांकडे झाडलोट करायची. मास्तर गोव्याचे, वाजवणारे. दोनशे वर्षांपूर्वी युरोपात वाजवत तसली तीन वाद्यं त्यांनी स्वतः घडवली होती. दोन मोठी हार्पसिकॉर्ड आणि एक लहानगं क्लॅव्हिकॉर्ड. मुंबईवर बाँब पडतील म्हणून ती त्यांनी इकडे आणली. गाव त्यांना पेट्याच म्हणे. पट्टी दाबली की आतली तार वाजायची.

मास्तर मुंबईला गेलेले. त्यांच्या खणात पेट्यांना लावायच्या पितळी तारेचं वेटोळं होतं. सकुबाईनं ते तांदळाच्या डब्यात खुपसलं. तेवढ्यात अंगणात बूट वाजले.

फौजदारानं मोठ्या पेटीचं झाकण उचललं. आत तारांची रांगच रांग.

"हे काय आहे?"

"वाजवायच्या पेट्या, साहेब."

"वाजव."

तिनं पेट्यांना कधी फडक्याशिवाय हात लावला नव्हता. एक पट्टी दाबली. तार खणखणली, शिपाई दचकला. मग लहान पेटी. तिचा आवाज इतका बारीक की फौजदारानं कान खाली नेला.

"हे बिनतारी संदेशाचं यंत्र तर नाही? आणखी तार आहे घरात?"

"नाय, साहेब."

शिपाई स्वयंपाकघराकडे वळला. डबा त्याच्या हाती लागण्याआधी आपणच बोललेलं बरं, असं सकुबाईला वाटलं.

"हाय, साहेब. तांदळात हाय. भ्याले म्हनून लपवली."

फौजदारानं वेटोळं बोटांत धरून पाहिलं. केसासारखी बारीक तार. तारायंत्राची कापलेली तार चांगली जाड होती.

"ही ती नव्हे," तो म्हणाला. "पण मग भ्यालीस कशाला?"

संशयावरून त्यानं वेटोळं आणि लहान पेटी, दोन्ही गाडीत घालायला लावलं.

चार दिवसांनी मास्तर आले. तिनं रडत सगळं सांगितलं.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "ती तार कशाची ते तुला न सांगताच गेलो."

मास्तरांनी शहापूरच्या पोलीस ठाण्याला तीन खेपा घातल्या. लहान पेटी काही परत मिळाली नाही. सकुबाई कामाला येत राहिली, पण उरलेल्या दोन पेट्या पुसायला बसली की आधी दाराला आतून कडी घालायची.