सवलतीची वाट पाहणारी टाकी

मित्रांनो, मी एक जुनी तेलाची टाकी आहे. कॅनडातल्या गव्हाच्या माळावर, एका तेलविहिरीशेजारी माझा जन्म गेला. पंपाने तेल उपसायचे, मी ते पोटात साठवायचे आणि टँकरने घेऊन जायचे, एवढाच आमचा संसार.

माझा मालक ओरेस्ट रोज पान्याने माझ्या अंगावर टकटक करी. आवाज बद्द आला, म्हणजे मी भरलेली असले, की खूश होई. त्याच्या बहिणीने, मार्लीनने, नवऱ्यामागे मिळालेले विम्याचे सगळे पैसे या विहिरीत घातले होते. येताना ती कोबीच्या पानात भात गुंडाळून आणी आणि मला 'आमची दुभती गाय' म्हणे. मला ते फार आवडायचे.

जमिनीखालचे तेल सरकारचे, म्हणून उपसलेल्या तेलातून सरकारचा वाटा निघे. त्याला रॉयल्टी म्हणतात. तेजीत सरकारने तो वाढवला, तेव्हा कोणी फारसे कुरकुरले नाही. मग तेलाचे भाव कोसळले. वाटा मात्र तसाच राहिला. गावातले बाकीचे भागीदार एकेक करून अंग काढून घेऊ लागले.

ऐन हिवाळ्यात बातमी आली, की वसंतात सरकार वाटा कमी करणार. ओरेस्टने तोवर पंप बंद ठेवायचे ठरवले. आत्ताचे तेल जुन्या दराने जाईल, तेच जमिनीत राहिले तर आपल्याला जास्त उरेल, असा त्याचा विचार.

"थंडीत विहीर बंद ठेवलीस तर खाली तेलातलं मेण गोठेल रे," मार्लीन म्हणाली.

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. चालू ठेवून तुझेच पैसे सरकारच्या घशात घालू?"

"घाल बाबा. पण चालू ठेव."

त्याने ऐकले नाही. तरी मला त्याला दोष देववत नाही. तो तिच्यासाठीच करत होता.

वसंतात सवलत आली. पण मेण आणि वाळू बसून पंपाचा दांडा खाली अडकला होता, तो ओढताना तुटला. दुरुस्तीला पैसे घालणारा कोणी उरला नव्हता. त्यात सवलत फक्त चालू विहिरींना होती. ओरेस्ट पुन्हा इकडे फिरकला नाही.

एके दिवशी मार्लीन एकटीच आली. गवतात पडलेला पाना उचलून तिने माझ्यावर टकटक केली. आतून पोकळ आवाज घुमला.

"बाई, तू तरी खोटं बोलायचंस," ती म्हणाली, आणि घर विकायला शहरात गेली.

मला इथून हलवायलाही पैसे लागतात, म्हणून मी इथेच गंजते आहे. मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणी असे वाटे ठरवायला बसलात, तर मंदीत जरा लवकर ठरवा. विहिरीला वाट पाहता येत नाही. मला येते. मी अजून पाहते आहे, पण कोणाची, ते आता मलाही सांगता येत नाही.