यंत्राचा फुटलेला पेपर

परीक्षकांच्या टेबलावर हासन नाशपातीच्या फोडी मांडत होती. देजॉनच्या त्या प्रयोगशाळेत वरिष्ठाच्या पीएचडीची तोंडी परीक्षा असली की खाणं मांडायचं काम धाकट्यांचंच. आणि आज परीक्षा होती त्या ग्यूचल सनबेनं (सनबे म्हणजे वरिष्ठ) तर तिला, ती अगदी रडकुंडीला आलेली असताना, बोट धरून कोड लिहायला शिकवलं होतं.

त्याचं न्यूरल नेटवर्क ध्वनीहून वेगवान हवेचा प्रवाह झटक्यात वर्तवायचं. अशा प्रवाहात एका रेषेवर दाब एकदम उसळतो, ती धक्का-लहर. इतरांची नेटवर्क ती रेषा पुसट करून टाकत. ग्यूचलचं मात्र धारदार काढायचं. साऱ्या प्रबंधाचा डोलारा त्यावरच उभा होता.

त्यामागचं कारण हासनला कालच कळलं. एकाच प्रवाहाची लागोपाठची, जवळपास सारखीच चित्रं ग्यूचलनं पत्त्यांसारखी पिसली होती. काही यंत्राला शिकवायला, उरलेली त्याचीच परीक्षा घ्यायला. म्हणजे पेपर आधीच फुटलेला! तिनं एक कोरा करकरीत प्रवाह देऊन पाहिला, तर लहर पार विरघळून गेली. सकाळी तिनं ते चित्र त्याला दाखवलं होतं.

"सनबे, अजूनही वेळ आहे, सांगून टाका ना," ती कुजबुजली.

"वेडी आहेस का? पुढच्या महिन्यात नोकरीवर रुजू व्हायचंय. आई मोक्पोहून आलीये, बाहेर बसलीये. आजचा दिवस तोंड शिवून बस गं बाई. मग निस्तरतो सगळं."

"आणि कुणी विचारलं तर?"

"ही म्हातारी खोडं? नाशपाती खातील नि सह्या ठोकतील."

तिला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त कीव आली. ती मागच्या, दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी एका प्राध्यापिकेनं चष्मा वर सरकवला. "यंत्रानं कधीच न पाहिलेला, अख्खा नवा प्रवाह देऊन पाहिलात?"

ग्यूचल अडखळला. "ते... हासननं तपासलंय. ठीक आलं."

साऱ्या माना मागे हासनकडे वळल्या. मेल्यानं तिचंच नाव पुढे केलं! खरं बोलावं तर ज्यानं हात धरून शिकवलं त्यालाच तोंडघशी पाडायचं.

ती उठली. "तपासलं, मॅडम. लहर विरघळून जाते. ठीक नाही आलं."

ग्यूचलनं मान खाली घातली. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि तांदळाच्या वड्यांचा डबा छातीशी धरून त्याची आई आत डोकावली.

"झाला का गं माझा पोरगा डॉक्टर?" दाराजवळ उभ्या हासनलाच तिनं हळूच विचारलं.