बुद्धाचा डावा गाल

प्रशिकनं साच्याच्या पहिल्या थरावर बोट टेकवलं आणि चटका बसावा तसं मागं घेतलं. बोटाला राखाडी रंग लागला होता. थोडा चिकटपणा राहतोच, पण रंग बोटाला यायला नको. कालपासून ठेवलेला फायबरचा थर अजून ओलाच होता.

त्या थराखाली निपाणीकडच्या एका विहारासाठी घडवलेला बुद्धाचा चेहरा होता. त्याच्या वडिलांनी, आण्णाप्पांनी, तो शाडूत केला होता. त्यांचे हात आता कापत. ह्यानंतर आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं तेच म्हणाले होते. साचा बिघडला तर चेहराही गेला.

“थंडी लई हाय गं,” तो बायकोला, उपासनाला म्हणाला. पिरनवाडीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गारठा होताच. दोघांनी मिळून चेहरा ठेवलेला पाट उचलून उन्हात ठेवला. दुपारी त्यानं पुन्हा बोट लावलं. पुन्हा रंग.

“रेझीन जुनं आसंल. न्हायतर शाडूत ओल ऱ्हायली आसंल.”

उपासनानं त्याच डब्यातलं चिकट रेझीन कपात घेतलं, ते घट्ट करणारं हार्डनर त्याच बाटलीतून मोजून घातलं आणि शाडूच्या ओलसर गोळ्यावर फासून गोळा सावलीत ठेवला. स्वयंपाक उरकून आली, तर थर कडक झाला होता. नखानं वाजवला तर टणटण वाजला.

“रेझीन बरं हाय, हार्डनर बी बरं हाय. ओल न्हाय, थंडी न्हाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “अहो, काल हार्डनर किती घातलासा?”

प्रशिक बाटलीपासून मागं सरला. गेल्या साली एका कारखान्यात हार्डनरचा शिंतोडा उडून त्याचा डावा डोळा गेला होता. तेव्हापासून संरक्षक चष्मा घालूनही बाटलीचं झाकण फिरवताना त्याला घाम फुटे. काल त्यानं तोंड फिरवून बाटली तिरकी केली होती आणि पुरेसं पडायच्या आतच घाईघाईनं झाकण लावलं होतं.

“हात म्होरं जात न्हाय गं. ह्यो बी डोळा गेला तर?”

“आजपास्नं मी मोजते. तुम्ही थर मारा.”

ओला थर खरवडण्यावाचून इलाज नव्हता. श्वास रोखून तो पातं फिरवू लागला. कपाळ सुटलं, नाक सुटलं. मग पात्याबरोबर डाव्या गालाची माती अख्खी निघून आली. पातं हातातून गळलं. दारात आण्णाप्पा उभे होते.

“आप्पा, माझ्यामुळं झालं. भ्यालो मी.”

आण्णाप्पा आत आले आणि त्यांनी त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं.

“डोळा गेला तवा आम्ही काय कमी भ्यालो व्हय रं?” ते म्हणाले. “शाडू भिजीव. आन् बस हितं, माझ्याम्होरं.”

प्रशिक बसला. म्हाताऱ्यानं त्याच्या डाव्या गालावर हात ठेवला. कापरी बोटं मिटलेल्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत सावकाश उतरली. मग तीच बोटं मातीकडे वळली.

बुद्धाच्या नव्या, ओल्या गालावर कापऱ्या बोटांच्या बारीक रेघा उमटल्या. उपासना त्या पुसायला ओलं फडकं घेऊन पुढं झाली.

“ऱ्हाऊ दे,” आण्णाप्पा म्हणाले.