चकचकीत नळ

अठरा वर्षं मी पाणी खात्यात तक्रारींचे फोन घेते. शिव्या घालणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. त्यांचा राग तिथल्या तिथे निघून जातो. अति गोड बोलणारा मात्र आतून पेटलेला असतो.

मागच्या महिन्यात लेक परीक्षेसाठी कविता मोठ्याने वाचत होती.

‘नळ बसवलात, साहेब, आभार.
किती चकचकीत आहे!
मुलं रोज बघायला जातात.’

“कवितेचा सूर कृतज्ञतेचा आहे,” तिने गाइडमधलं उत्तर घोकायला घेतलं.

मी इस्त्री बाजूला ठेवली. “चुलीत घाल ते गाइड! नळ काय बघायला जातात का गं?”

ती थबकली. पुन्हा वाचलं, या वेळी हळू. “आई, यात पाण्याचं नावच नाहीये!”

“असे दहा फोन येतात मला रोज,” म्हणत मी पुन्हा इस्त्रीला लागले. पुढचं तिचं तिला कळू दे म्हटलं.

काल तिचा तपासलेला पेपर हातात आला. ‘कवितेचा सूर कोणता?’ याखाली तिने लिहिलं होतं, ‘आभाराच्या शब्दांत राग.’ पुढचा प्रश्न होता, ‘कवीचा हेतू चार ओळींत लिहा.’ तिथे पोरीने एकच शब्द लिहिला होता, आणि बाईंनी चारपैकी चार गुण दिले होते.

आज ऑफिसात सगळ्या टेबलांवर तो पेपर मिरवून आणला. आता माझ्या फोनच्या वर, साहेबांना येता-जाता दिसेल असा चिकटवलाय. तो शब्द मी लाल पेनाने गोल केलाय:

पाणी.