निळी घरी आली

आमच्या हेल्सबेक गावात पाहण्यासारख्या गोष्टी दोनच. चर्चचा घंटा नसलेला मनोरा आणि नगरपालिकेच्या भिंतीवरची तीन नावांची पाटी. त्यातला कामिल आमचा शेजारी. कबुतरं शत्रूकडे चिठ्ठ्या नेतात म्हणून प्रत्येकाची नोंद सक्तीची होती; एक लपवलं म्हणून जर्मनांनी त्याला त्याच भिंतीशी उभा करून गोळी घातली.

माझा नवरा ओदिलही कबुतरवेडा. निळी नावाची मादी तर माझी सवतच. "एक दिवस तुझ्या या राणीचं सूप करीन," मी म्हणायची. "आधी मला शिजव," तो म्हणायचा. लढाई लागायच्या आधी त्याने तिला लांब बहिणीकडे दिली. आमच्या नावावर नोंद झाली ती उरलेल्या अकरांची.

दर शनिवारी जर्मन हवालदार कबुतरं मोजायला यायचा. त्या सकाळी अकरा मोजून तो शिडी उतरला. मी माळ्यावर कबुतरांची घाण खरवडत होते. तेवढ्यात समोरच्या कौलांवर निळी येऊन बसली. दोन वर्षांनी! कुणी सोडली देव जाणे. मनात म्हटलं, बये, हलू नकोस. तिथून उडालीस तर कुणाचीही. आत आलीस तर आमची, आणि ओदिल भिंतीशी.

खाली डबा खुळखुळला.

दाण्यांचा डबा. कबुतर कौलावर दिसलं की ओदिल तो वाजवायचा, मग ते सरळ आत येतं. वीस वर्षांची सवय, हात कुणाचं ऐकतो? निळी फडफडत खिडकीतून आली आणि माझ्या मांडीवर बसली.

"कुणाला बोलावतोस रे?" खालून हवालदाराचा आवाज.

"कु... कुणाला नाही, साहेब. सवय आहे."

"सवय? थांब, परत मोजतो."

शिडी करकरली. मी निळीची मान बोटांत धरली. आणि पिळली. अगदीच बारीक होती. एप्रनखाली खुपसली तेव्हा ती अजून गरम होती.

हवालदाराने दोनदा मोजली. "अकरा," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "रडतेस कशाला?"

"घाणीची धूळ जाते डोळ्यांत, साहेब."

तो गेल्यावर ओदिल धापा टाकत वर आला. "कुठंय? आत आली ना? मी पाहिली." मी एप्रन उचललं. आता हा मला शिव्या घालणार, असं वाटलं. त्याने तिला दोन्ही हातांत घेतलं, पंख नीट मिटले.

"घरी आली होती गं, इर्मा," तो म्हणाला. "मीच बोलावली."