न थरथरलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. नाशिकच्या एका सुताराने मला मन लावून घडवले, तेव्हा मी कोणाला तरी आधार देईन असे त्याला वाटले असेल. पण मालिकांना सामान भाड्याने देणाऱ्याने मला नेले आणि माझी पुरती शोभा झाली.

मालिकेतले आजोबा छाती धरून सोफ्यावर कोसळत, पण त्याआधी मी कोसळे. माझ्या खडखडाटावर जाहिराती लागत. आजी एक तर माझ्यावर रेलून रडे, नाही तर मला आपटून सुनेला छळे. कामाला जाणारी, मैत्रिणींबरोबर खिदळणारी म्हातारी तिथे मला एकदाही भेटली नाही. सगळे माझे कौतुक करत आणि मला मात्र राग येई. अजूनही येतो.

गेल्या थंडीत निफाडकडच्या एका द्राक्षबागेत चित्रीकरण होते. आजीचे काम करणारी बाई आजारी पडली. बागेत विरळणीला बायकांची टोळी आली होती. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी बारीक कात्रीने काढायचे. टोळीतल्या सत्तरीच्या नवसाबाईंना दिग्दर्शकांनी बोलावले आणि मला त्यांच्या हातात दिले. मुलगा घराबाहेर काढतो आणि आजी थरथरत उभी राहते, एवढाच प्रसंग होता.

"आजी, हात जरा थरथरू द्या," दिग्दर्शक म्हणाले.

"कशापायी?"

"वय दिसायला हवं ना."

"वय तोंडावर दिसतंय की. हात नाय थरथरत माझा."

"अहो, खोटं खोटं करायचंय."

"अगं, थरथर की," त्यांची मैत्रीण कलाबाई हळूच म्हणाली. "टीव्हीत दिसशील."

टीव्हीत दिसायची हौस नवसाबाईंनाही होती. त्यांच्या मुठीत मला ती कळत होती. पण इकडे मालिकेत दिसते ते लोक खरेच धरून चालतात. खाष्ट सासूचे काम करणारी बाई जत्रेत दिसली, तर तिला बायका तिथेच फैलावर घेतात.

"उद्या बागवाले म्हणतील, नवसाबाईचा हात गेला," त्या म्हणाल्या. "विरळणीला हात हलला तर चांगला मणी जातो. मग मला टोळीत कोण घेईल?"

कॅमेरा सुरू झाला. दिग्दर्शक हातवारे करत राहिले. नवसाबाईंनी मूठ आणखी आवळली आणि मीही जन्मात पहिल्यांदा ताठ उभी राहिले. मग त्यांनी मला वेलींच्या मांडवाच्या खांबाला टेकवले, कात्री घेतली आणि त्या आपल्या ओळीत गेल्या.

शेवटी पांढरा टोप चढवून तिशीच्या एका मुलीने आजी केली. तिने मला इतके थरथरवले की माझी मूठ निखळली. मोडकी म्हणून मला बांधावर टाकून सगळे निघून गेले.

नवसाबाईंनी मला उचलले, सुतळीने बांधले. माझ्यावर टेकत मात्र त्या अजूनही नाहीत. जेवणाचे गाठोडे मला अडकवतात, मला खांद्यावर टाकतात आणि टोळीच्या पुढे चालतात.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही, सुतळीवर माझे भागते. पण पडद्यावर आजी थरथरली, की उठून घरातल्या आजीचा हात हातात घ्या. थरथरत असेल, तर धरून ठेवा. थरथरत नसेल, तर तिच्या मुठीतून आपला हात सोडवून दाखवा.